सहाव्या मजल्यावरची खुर्ची

सुलोचना वाघमारे, माझी सख्खी आत्या, हिला दोन वर्षांपूर्वी, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भर कामातून, हैदराबादच्या एका नव्या काचेच्या हॉटेलच्या सहाव्या मजल्यावरून घरी हाकललं गेलं. तिनं काही चोरलं नव्हतं. काही फोडलं नव्हतं. कुणाला उलटून बोलली नव्हती. ती खुर्चीवर बसली होती. पाहुण्यांच्या खोलीत, पाहुण्यांच्या खुर्चीवर, पाहुण्यांनीच आग्रह केला म्हणून, हातात चहाचा कप घेऊन. एवढंच.

हॉटेलचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, अच्छा, ते हॉटेल वाईट का, मग आपण दुसऱ्यात उतरू. आणि प्रश्न मिटला असं समजून पान उलटाल. ते हॉटेल वाईट नव्हतं. बाकीच्यांसारखंच होतं, आणि दुखणं तेच आहे.

वैशाख आला की हे सगळं परत येतं. नल्लकुंट्याच्या चौकात कूलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्या विकायला बसतात. हातगाड्यांवर मुंजलू येतात. इथल्या गाडीवाल्याला ताडगोळे म्हणून मागितले तर तो नुसता तोंडाकडे बघत राहतो. युनिव्हर्सिटीच्या झाडांखाली परीक्षेची पोरं पुस्तक तोंडावर घेऊन झोपलेली दिसतात. आमच्या विद्यानगरच्या गल्लीत पाण्याचा टँकर वळतो, घागरी आपटतात, आणि त्या गडबडीत ओल्या मातीचा, डिझेलचा आणि ओल्या वाळ्याचा मिळून एक वास उठतो. तो आला की माझ्या अंगावर काटा येतो. तोही थंडीचा. त्या हॉटेलातल्या थंडीचा. त्या थंडीला कसलाच वास नव्हता. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत आम्ही पदर घट्ट लपेटून बसलो होतो. ऋतू नावाची वस्तू जणू दाराबाहेरच्या लोकांसाठी राखून ठेवलेली होती.

आम्ही तिथं गेलो तेही उन्हाळ्यामुळेच. उन्हाळ्यात या मोठ्या हॉटेलांना गिऱ्हाईक मिळत नाही. कंपन्यांचे साहेब आणि परदेशी पाहुणे हिवाळ्यात येतात. मग वैशाखात भाव उतरतो आणि आमच्यासारख्यांना काचेच्या आत घेतलं जातं. बचत गटांच्या बायकांचं दोन दिवसांचं संमेलन होतं. निम्म्या बायका तेलंगणातल्या, निम्म्या आमच्या तिकडच्या, नांदेड-परभणीकडच्या. खर्च परदेशातल्या कुठल्याशा संस्थेचा. आयोजन मीनलताईंकडे. मीनलताई पुण्याच्या, नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपाठोपाठ हैदराबादला आलेल्या, कामाला वाघ, आवाज कायम मऊ. आणि मी, नाव मित्रा, दुभाषी. तेलुगूचं मराठी, मराठीचं इंग्रजी, इंग्रजीचं पुन्हा तेलुगू. एरवी मी कामगार वस्त्यांत वाटायची पत्रकं लिहिते. अशा हॉटेलांविरुद्ध लिहिलेलं एक पत्रक त्या दिवशीही माझ्या पिशवीत होतं.

सकाळच्या गाडीनं बायका काचीगुड्याला उतरल्या तेव्हा मी आणायला गेले होते. प्रत्येकीकडे एक पिशवी आणि एक गाठोडं. गाठोड्यात भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कारण हॉटेलात काय देतील कोण जाणे. सगळ्यांत पुढं कौसाबाई. किनवटकडच्या एका खेड्यातली, साठीच्या अलीकडची, गटाची अध्यक्ष, कपाळ मोठं आणि चाल शेतातली. हॉटेलच्या दरवाजात फेटेवाल्या दरवानानं काच उघडून धरली तर ही थांबून राहिली. तो मान लवून उभा, हीसुद्धा उभी. शेवटी त्याला म्हणाली, तू जा बाबा आधी, तुझ्या हातात दार हाय. दरवान इतका गोंधळला की खरंच आधी आत गेला.

आत संगमरवर. बायका बघता बघता फरशीवरच टेकल्या. रात्रभर गाडीत आखडलेल्या पाठी, खाली गारवा. माणूस आणखी काय करणार? मीनलताईंचा जीव वरखाली. सोफ्यावर बसा ना, अहो, सोफा आपल्यासाठीच आहे. कौसाबाईनं सोफ्यावर बसून पाहिलं आणि उठली. म्हणाली, ह्याच्यात बसायला येतं, उठायला माणूस लागतंय.

मला ती खोली आवडली. हेही लिहून टाकते, कारण माझ्या मित्रांना वाटतं मी तिथं दात-ओठ खात राहिले असेन. भिंतीतल्या फटीत कार्ड घातलं की दिवे लागायचे. खिडकी उघडायची नाही, पण पडदा सरकवला की खाली अख्खं शहर, नवे पूल, अर्धवट इमारती, दूर मशिदींचे मिनार, सगळं उन्हात उकळतंय आणि आवाज मात्र शून्य. गादी अशी की पाठ विचारात पडते. गरम पाणी सोडलं तर थांबतच नाही. आमच्या घरी उन्हाळ्यात एका बादलीत चौघांच्या आंघोळी व्हायच्या. त्या पाण्याखाली उभी राहून मी आधी चिडले, मग खूश झाले, आणि मग मला स्वच्छ कळलं की माझं भांडण या पाण्याशी नाहीच. असं पाणी, अशी गादी, अशी गार दुपार प्रत्येकाला मिळाली पाहिजे, आणि जी बाई ती रोज तयार करते तिला आधी.

आता आत्याबद्दल.

आत्या नवरा गेल्यावर नांदेडहून आमच्याकडे आली ती कायमची. कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या लाटल्या, एका डॉक्टरकडे झाडलोट केली. मग शहरात नवी हॉटेलं उभी राहायला लागली आणि बायका हव्यात म्हणून एजन्सीची माणसं वस्त्यांतून फिरायला लागली. आत्या निवडली गेली. युनिफॉर्म, काळे बूट, छातीवर नाव. आमच्या घरात केवढा उत्सव. ट्रेनिंगच्या दिवसांत ती घरच्या बाजेवर सराव करायची. चादर गादीखाली अशी ताणून खोचायची की बाबांचे पायच आत जायचे नाहीत. बाबा युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत काचसामान सांभाळतात, शांत माणूस. तेही एकदा म्हणाले, सुलू, मला झोपायचंय गं, मला पाकिटात घालून पोस्टात टाकायचं नाहीये.

ती तेव्हा कच्ची होती. कच्ची म्हणजे एजन्सीची. कधीही ये म्हणतील, कधीही जा म्हणतील. त्या उन्हाळ्याच्या शेवटी तिला हॉटेलनं पक्कं करायचं ठरत होतं. पक्की झाली की आजारपणाची रजा, दवाखाना, म्हातारपणाला काहीतरी. तिचे पाय त्याआधीच बोलायला लागले होते. संध्याकाळी घरी आली की जमिनीवर आडवी व्हायची आणि पाय भिंतीला उभे लावायची. पोटऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं. कारण तिथं बसायचंच नाही. तळघरातल्या कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत बसायचं तेवढंच. मजल्यावर नाही. चादरी-टॉवेल ठेवायच्या खोलीत छतापर्यंत फळ्या, पण साधं स्टूल नाही. बसलेली बाई पाहुण्याला दिसली तर हॉटेल आळशी वाटतं, असं त्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं.

संमेलन त्याच हॉटेलात आहे कळल्यावर आत्यानं मला बजावलं होतं. तिची भाषा आता निम्मी इथली झाली आहे. म्हणाली, “तिथं मला आत्या म्हणायचं नक्को. तू पाहुणी, मी हाऊसकीपिंग. ओळख दाखवली की लोकं बोलतात, सिफारिश लावली म्हणून. समजलं?” मी कबूल केलं आणि दिवसभर धुमसत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉरिडॉरमध्ये ती ढकलगाडी घेऊन समोरून आली. भिंतीकडे सरकून उभी राहिली आणि मला म्हणाली, गुड मॉर्निंग मॅडम. जिनं माझ्या उवा काढल्या ती बाई. मला रडू यायचं ते हसू आलं, कारण तिचे डोळे मिश्किल झाले होते. तिला तो खेळ जमला होता, मला जमत नव्हता.

माझ्या खोलीत माझ्यासोबत कौसाबाई होती. तिला मी यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

बसणं ही आमच्या लोकांत साधी गोष्ट कधीच नव्हती. पाटलाच्या ओट्यासमोर आमचे आजे-पणजे उन्हात उभे राहिले. कुणी वरच्या जातीचा रस्त्यानं आला की स्वतःच्या दारातल्या स्वतःच्या बाजेवरून उठले. म्हणून बाबांनी विद्यानगरला खोली घेतल्यावर पहिली वस्तू आणली ती लोखंडी घडीची खुर्ची, त्यानंतर भांडी. आणि म्हणून आमच्या घरांत एक रीत पडली आहे. दारात कोणीही येवो, दूधवाला, पोस्टमन, लाइटचं मीटर बघणारा, पहिला शब्द “बसा”. काम काय ते नंतर. मी लहानपणी समजायचे सगळ्या जगात असंच असतं.

कौसाबाईच्या घरी या रितीला आणखी एक रीत जोडलेली होती. तिच्या सासऱ्यानं गावची मेलेली जनावरं ओढली, सासूनं गावचे रस्ते झाडले. त्या घरात आलेल्या या बाईनं मनाशी ठरवून टाकलं होतं की दुसऱ्याची घाण आता उचलायची नाही, आणि आपली दुसऱ्याला उचलू द्यायची नाही. यातलं पहिलं वाक्य आमच्या प्रत्येक पत्रकात असतं. दुसरं मी कुठल्याच पत्रकात वाचलेलं नाही.

तर त्या सकाळी मी खाली सभागृहात गेले, आणि कौसाबाई मागं राहिली. गुडघा धरलाय, जरा वेळानं येते म्हणाली. मी जाताच तिनं पदर खोचला. दोन्ही पलंगांवरच्या चादरी झटकून, सुरकुत्या काढून, घरच्यासारख्या अंथरल्या. न्हाणीघर साबणाच्या वडीनं घासलं, पुसून कोरडं केलं. टॉवेल पिळून पडद्याच्या दांडीवर वाळत घातले. केराची पिशवी गाठ मारून दाराशी ठेवली. असं काम फक्त आमच्यातलीच बाई करेल. हॉटेलात येणाऱ्या बाकीच्या जगाला हे सुचणारच नाही.

मग आत्या खोली करायला आली. दारात गाडी आडवी लावली, दार नियमाप्रमाणे उघडं ठेवलं आणि आतलं दृश्य बघून कपाळाला हात लावला. पुढचं मला दोघींकडून निरनिराळं ऐकायला मिळालं, पण मुख्य गोष्टीवर दोघींचं एकमत आहे. आत्या म्हणाली, अम्मा, हे मला परत करावं लागतं, चादरी बदलाव्या लागतात. कौसाबाई म्हणाली, एका रात्रीत काय मळतंय, आणि तुझे पाय बघ आधी. आत्याच्या बुटांच्या कडेवरून सूज बाहेर आली होती.

“उभी कामून राहायलीस माय, बस.”

आत्या नक्को म्हणाली. मना आहे म्हणाली. कौसाबाईनं ऐकलं नाही. माझ्या दारातून आजवर कोणी उभ्यानं गेलेलं नाही, म्हणाली. ही खोली तिला दोन दिवसांपुरती दिलीय तर दार तिचंच. खांद्याला धरून तिनं आत्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, किटलीत पाणी उकळलं, पुडीतल्या दुधाचा बेचव चहा केला आणि तिच्या हातात दिला. आत्या मला नंतर म्हणाली, मित्रा, त्या खुर्चीची गादी मी रोज झटकते, पण ती एवढी मऊ आहे हे मला माहीतच नव्हतं.

तेवढ्यात मजल्याचा सुपरवायझर तपासणीला आला. वरंगलकडचा तरुण, नवा, त्याच्या डोक्यावर दुसरा कोणी. त्याला दिसलं ते असं: चादर न बदललेली, कोपरे चुकीचे, टॉवेल पडद्यावर, आणि कामाची बाई पाहुण्यांच्या खुर्चीत चहा पितेय. कौसाबाईनं आपल्या हिंदीत खूप सांगून पाहिलं. मैं की ये सब, मैं बोली उसको बैठ. तो नम्रपणे म्हणाला, अम्मा, आप गेस्ट हैं, ये हमारे अंदर का मामला है. आणि कॉरिडॉरमध्ये नेऊन आत्याला सांगितलं, बॅज जमा कर, उद्यापासून येऊ नकोस, एजन्सीला कळवतो. आत्यानं कप धुऊन जागेवर ठेवला आणि मागच्या जिन्यानं उतरली.

मी त्या वेळी खाली माईकवर होते. शहरात बायकांना कशा नव्या संधी आल्या आहेत यावर एक पाहुणे बोलत होते आणि मी त्यांचं मराठी करत होते. दारातून कौसाबाई आली. पिशवी खांद्याला. मला बाजूला बोलावून सगळं सांगितलं, त्या बाईचं छातीवरचं नाव सांगितलं. सुलोचना. मी माईकवर परत गेले आणि भाषांतर केलं नाही. जे झालं ते सांगितलं, तीन भाषांत, आणि शेवटी हेही सांगितलं की ती माझी आत्या आहे.

मला घोषणा द्यायच्या होत्या. मुठी आवळलेल्याच होत्या. कौसाबाई म्हणाली, वरडू नको. आणि ती खुर्चीवर न बसता भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग तिच्या गावच्या बायका उठल्या. मग परभणीच्या. तेलंगणातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पदर सावरले आणि त्याही उठल्या. मखमली कव्हरं घातलेल्या खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या, आणि चारी भिंतींना बायका. कोणी बोलत नाही. चहाचे ट्रे घेऊन उभे असलेले वेटर आमच्याकडे बघायला लागले. ते तर आधीपासून उभेच होते. त्यांच्यातल्या एका पिकल्या मिशांच्या काकांनी हळूच ट्रे टेबलावर ठेवला आणि आमच्या रांगेत येऊन हात बांधले.

मीनलताई धावत आल्या. मला बाजूला घेतलं. मित्रा, मलाही वाईट वाटतंय, पण हॉटेलचा नियम आहे, त्यात आपण कसं पडणार? आपण दोन दिवसांचे पाहुणे. मी काही तिखट बोलणार होते, पण कौसाबाईनं ऐकलं होतं.

“पाहुण्यालाच बोलता येतंय ताई,” ती म्हणाली. “घरच्याला कुठं बोलता येतंय?”

हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी पत्रकांत घातलं. दर वेळी ते छापील झालं की थोडं लहान होतं. त्या सभागृहात ते लहान नव्हतं. मीनलताईंनी हातातली फाइल खुर्चीवर ठेवली आणि त्याही भिंतीला जाऊन उभ्या राहिल्या. उंच टाचांच्या चपला होत्या त्यांच्या पायात. त्या त्यांनी काढल्या नाहीत.

जेवण आलं, ते उभ्यानं झालं. दुपार सरकत होती. गुडघे बोलायला लागले. एक लेकुरवाळी होती, तिला सगळ्यांनी मिळून बसवलं. ती ओशाळली तर कौसाबाई म्हणाली, तुझ्या वाटणीचं आम्ही उभ्या हाओत. मग हॉटेलचे मॅनेजर आले. स्वच्छ, सभ्य माणूस, मद्रासकडचा. हात जोडून म्हणाले, कृपया आपण सगळ्या बसून घ्या, मग बोलू. मी भाषांतर केलं. कौसाबाईचं उत्तर दोन शब्दांचं होतं.

“आधी ती.”

मॅनेजर मीनलताईंकडे वळले. इंग्रजीत, शिकल्यासवरल्या माणसानं शिकल्यासवरल्या माणसाशी बोलावं तसं, नियमांचं सांगायला लागले. मीनलताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच मऊ आवाजात म्हणाल्या की पुढच्या महिन्यातही आमची एक बैठक तुमच्याकडेच ठरली आहे, आणि ती उभ्यानं घेणं आम्हाला जमणार नाही. त्या दिवशी मला पुणेरी सभ्यतेचा उपयोग कळला.

ऊन उतरायच्या आत निरोप आला. बाईंना परत बोलावतोय. तपासणीचा शेरा मागे घेतोय. बायका बसल्या. बसताना त्या खुर्च्यांतून असा काही सामुदायिक उसासा निघाला की खर्च देणाऱ्या संस्थेच्या परदेशी पाहुणीनं मला विचारलं, या काय म्हणाल्या? मी म्हटलं, याचं भाषांतर नाही.

मी विजयी वीरासारखी घरी गेले, कौसाबाईला सोबत घेऊन. आत्या उंबऱ्यात बसली होती. अंगावर अजून युनिफॉर्म, फक्त बॅजच्या जागी दोन भोकं. बाबा तिच्यासाठी ताट वाढून समोर ठेवून बसले होते, तिनं हात लावलेला नव्हता. मी सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं ती मला मिठी मारेल. ती म्हणाली, “मला विचारलं होतं का? माझ्या नावानं उभं राहायच्या आधी मला विचारायचं. उद्या तुम्ही गाडीत बसून जाल, मजल्यावर मीच राहीन.”

हे उत्तर कुठल्याच शिबिरात शिकवलेलं नव्हतं. कौसाबाई मात्र तिच्याजवळ उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, खरं हाय तुझं, चूक झाली, आता विचारते. काय पाहिजे तुला? गल्लीत टँकर आला, घागरी वाजल्या, गेला. मग ती ताटाकडे बघत बोलली. म्हणाली, माझी नोकरी तर पाहिजेच. पण मला एकटीला परत घेतलं तर बाकीच्या पोरी म्हणतील हिची भाची होती, पाहुण्यांची दया होती. दया नक्को. मजल्या-मजल्यावर बसायला जागा पाहिजे. सगळ्यांना. ते मी सांगणार. तू नाही, मी.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा. सकाळी आम्ही सगळ्या विहारात गेलो, पांढऱ्या साड्या नेसून. वंदना झाली, खीर वाटली गेली, पिंपळाच्या पानांवर ऊन थरथरत होतं. आत्या आणि कौसाबाई खांद्याला खांदा लावून सतरंजीवर बसल्या होत्या, आणि दोघींचे पाय सरळ पुढे पसरलेले. तिथून आत्या थेट कामावर गेली. मॅनेजरसमोर तिनं काय म्हटलं ते तिनं एकटीनंच म्हटलं. मी बाहेर रस्त्यावर उभी होते, लिंबाच्या सावलीत, आणि माझ्याकडे करण्यासारखं काहीही नव्हतं. तिच्या पक्क्या होण्याचं त्याच पंधरवड्यात ठरायचं होतं. एवढं हातातोंडाशी आलेलं असताना ती सगळ्या पोरींसाठी मागायला गेली. मॅनेजर म्हणाले, बघतो. बघतो म्हणजे नाही, हे मला माझ्या अनुभवानं माहीत होतं. बाहेर आल्यावर मी तसं म्हणालेही. ती म्हणाली, तू पाहुणी आहेस, तुला घाई असते.

संध्याकाळी काचीगुड्याला बायकांना गाडीत बसवलं. कौसाबाईला खिडकीची जागा मिळाली. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला आणि एवढंच विचारलं, जागा देतील ना गं तिला? मी म्हटलं, देतील. तेव्हा माझा विश्वास नव्हता.

दिली. पावसाच्या पहिल्या दिवसांत सहाव्या मजल्यावरच्या त्या चादरींच्या खोलीत एक प्लास्टिकची खुर्ची आली. निळी. मग पाचव्यावर, मग चौथ्यावर. आत्या पक्की झाली, दसऱ्याच्या सुमारास. तिच्या पायांवर आता दवाखान्यात इलाज चालू आहे, हॉटेलच्या खर्चानं. नव्या पोरी कामाला लागतात तेव्हा त्यांना चादरीचे कोपरे शिकवायचं काम तिच्याकडेच आहे, आणि तिचा पहिला धडा कोपऱ्यांचा नसतो. पोरगी आत आली की आधी तिला त्या खुर्चीवर बसवते. वरंगलचा तो सुपरवायझरसुद्धा, मला आत्यानंच सांगितलं, दुपारी दार लोटून घेतो आणि तिथं जाऊन बूट काढून बसतो. त्याचेही बूट चावत होते म्हणे.

दार लोटून घेतो. इथं माझा राग अजून संपलेला नाही. खुर्ची आहे, पण दार बंद करून. पाहुण्याला दिसता कामा नये हा नियम तसाच आहे. या देशात इतक्या नव्या खुर्च्या आल्या, फिरणाऱ्या, मागं रेलणाऱ्या, चाकांच्या. जो तो म्हणतो दारं उघडली, दारं उघडली. ठीक आहे, उघडली. मग बसलेल्या बाईवरच दार का लोटता? इथल्या कोटी भागातल्या साड्यांच्या दुकानात जा. गादीवर तुम्ही बसता, तुमच्यासमोर शंभर घड्या मोडणारी पोरगी सकाळपासून उभी असते. हिमायतनगरच्या नव्या शोरूममध्ये जा. सोनाराकडे जा. मी हल्ली जाते, आणि विचारते. सुरुवातीला लोक हसायचे. या उन्हाळ्यात एका साडीवाल्यानं काउंटरमागं दोन स्टुलं ठेवली, उघड्यावर, सगळ्यांना दिसतील अशी. तिथली पोरगी बसल्या बसल्या मला पैठणी दाखवत होती आणि आम्हा दोघींनाही हसू आवरत नव्हतं. घेतली मात्र नाही मी पैठणी. तिनंही राग मानला नाही.

म्हणून सांगते, हे होतं. सरकारनं केलं नाही, कोर्टानं केलं नाही, माझ्या पत्रकांनी तर नाहीच नाही. वैशाखातल्या एका दुपारी, पाहुण्या म्हणून गेलेल्या काही बायकांनी बसायला नकार दिला, आणि आत्यानं एकटीसाठी मागितलं नाही, म्हणून झालं.

आता तुम्ही. हे वाचणारे तुम्ही नोकरीनिमित्त फिरता, लग्नाला जाता, मुलाला परीक्षेला घेऊन जाता. तुम्ही हॉटेलात उतरता. तिथं तुम्ही पाहुणे असता, आणि कौसाबाई म्हणाली ते खरं आहे, बोलता येतं ते पाहुण्यालाच. तेव्हा पुढच्या वेळी काउंटरवर तुमच्यापुढं रजिस्टर सरकवतील, पेन देतील, तेव्हा पेन खाली ठेवा आणि विचारा: वरच्या मजल्यांवर काम करणाऱ्या बायका कुठं बसतात? ती जागा मला दाखवा. हसतील, हसू द्या. मागची रांग कुरकुरेल, कुरकुरू द्या. जागा बघा, तिचं दार उघडं आहे ना ते बघा, आणि मगच सही करा.